बहुतेक बाई आणि आर्द्रेचा तारा

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना कुणी काहीही विचारलं तरी "नक्की" हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही. उद्या शाळा आहे का, असं विचारलं तर म्हणायच्या, "बहुतेक." लाखांदूरची एसटी गेली का, तर "बहुतेक गेली." एकदा मुख्याध्यापकांनी भर सभेत विचारलं, "बाई, दहावीवर आज विज्ञानाचा तास तुमचाच ना?" बाईंनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं, हातातल्या खडूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वेळापत्रक बदललं नसेल तर माझाच." मुलांनी त्यांचं नाव 'बहुतेक बाई' ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. नाव कुणी पाडलं, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी थोडा विचार केला. "पोट्ट्याईनं. बहुतेक."

मी वर्ध्याहून मराठी शिकवायला म्हणून पवनी तालुक्यातल्या त्या गावात आले. आसगावच्या पुढचं, चहूकडून धानाच्या बांध्यांनी, म्हणजे भातखाचरांनी, वेढलेलं गाव. शाळेत रुजू झाले त्या दिवशी राहायला जागा नव्हती. बाई एकट्याच राहत. त्यांनी मला घरातली पुढची खोली दिली आणि दोन अटी घातल्या. पहिली, अंगणात दिवा लावायचा नाही. दुसरी, जेवताना मीठ बरोबर झालंय का, असं त्यांना विचारायचं नाही. दुसऱ्या अटीचं कारण मला चार दिवसांत कळलं. मी विसरून विचारलं, तर त्या घास खाली ठेवून म्हणाल्या, "माझ्या जिभेला बरोबर आहे. तुझ्या जिभेचं मी काय सांगू?" आणि वरण गार होईपर्यंत चव या विषयावर बोलत राहिल्या.

अंगणातल्या दिव्याचं कारण आकाशात होतं. ग्रामपंचायतीने गल्लीत पांढऱ्या उजेडाचा नवा दिवा लावला तेव्हा बाईंनी अर्ज दिला, की हा दिवा काढा, तारे दिसत नाहीत. ग्रामपंचायतीत त्या अर्जाचं काय झालं ते न विचारलेलं बरं. शेवटी त्यांनी खांबावर माणूस चढवून दिव्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून बसवला. उजेड फक्त खाली पडायला लागला. सरपंच येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "बाई, रस्त्यावर तं आता अगोदरपेक्षा जास्त उजेड पडून राहिला." बाई म्हणाल्या, "वर कोणी राहत नाही ना, म्हणून तिकडचा इकडे वळवला."

त्यांचं माहेर पवनीतलं, कोष्ट्यांचं. वडिलांचा हातमाग होता. लहानपणी त्या मागाखालीच वाढल्या. रंगवलेलं सूत वाळत घातलं की कोणती लड किती उतरली, हे ओळखायचं काम त्यांच्याकडे असे. दोन लाल लडी शेजारी धरायच्या आणि सांगायचं, ही गडद, ही फिकी. मोजायला काही साधन नाही, फक्त एकीशेजारी दुसरी धरायची. पुढे त्या बीएस्सी झाल्या, बीएड झाल्या, शिक्षिका झाल्या. पण ती नजर तशीच राहिली. आकाशाकडेही त्या तशाच बघत. दुर्बीण नव्हती, घ्यावी असंही त्यांना वाटत नसे. हिवाळ्यात शाळा सुटून दिवेलागण झाली, की बोडीच्या पाळीवरून घरी येताना त्या पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहायच्या. बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं, धानाला पाणी देणारं, आणि पाळ म्हणजे त्याचा बांध. रोहिणीचा तारा आणि आर्द्रेचा तारा, दोन्ही तांबूस. बाई एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. मग म्हणत, "आज आर्द्रा चढ आहे," किंवा, "आज दोघं बरोबरीला आलेत." गुराख्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की ते बाईंना वळसा घालून गुरं नेत.

आर्द्रा त्यांचा सगळ्यात लाडका. आपल्याकडे पंचांगात आर्द्रा म्हणतात, पुस्तकात त्याच ताऱ्याला काक्षी असंही नाव आहे, आणि गावात म्हणतात आदरा. मृगाच्या आकृतीतल्या ज्या तीन ताऱ्यांना गावातले लोक तिफन म्हणतात, त्यांच्या वरच्या अंगाला तो लालसर दिसतो. तो किती मोठा आहे हे शिकवायची बाईंची एक पद्धत होती. लाखोरी निघाली की त्या वर्गाला मैदानात न्यायच्या. धान कापल्यावर त्याच बांधीत टाकलेलं हे कडधान्य सगळ्यांच्या घरचं. लाखोरीचा एक दाणा मातीवर ठेवायचा. "हा सूर्य," त्या म्हणायच्या. मग सगळ्या वर्गाला हातात हात धरून रिंगण करायला लावायच्या. रिंगण वर्गाच्या खोलीएवढं झालं की म्हणायच्या, "थांबा. एवढी आर्द्रा. बहुतेक. कोणी थोडी लहान म्हणते, कोणी थोडी मोठी."

"अन् बाई, पृथ्वी?" हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारायचंच.

"तुझ्या नखात मावेल. पण तुला दिसणार नाही. आणि ती सूर्याभोवती ज्या वाटेनं फिरते ना, ती सगळी वाट या रिंगणाच्या आतच येते."

मुलं पायाखाली बघायची. मग बाई ओंजळीतून मोजके दाणे काढायच्या, पंधरा-वीस, आणि रिंगणात भिरकावायच्या. "या एवढ्या मोठ्या ताऱ्यात माल किती, तर एवढा. बाकी सगळं याचंच पसरलेलं. वरवरचा भाग तर आपण श्वास घेतो त्या हवेपेक्षाही हजारो पट विरळ. तुमच्या घरी गादी पिंजायले येते ना माणूस? गाठोडंभर कापूस अन् खोली भरून जाते. तसं." एवढं सांगून झालं, की त्या नेहमी पुढचंही सांगायच्या, कारण अर्धवट सांगणं त्यांना खोटं बोलण्यासारखं वाटे. "पण सगळीकडे सारखं पसरलेलं नाही. मधोमध गाभा आहे. तो घट्ट आहे, भयंकर तापलेला आहे. खरं काम तिथं चालते. आपल्याला दिसते तो नुसता पसारा."

शाळेत त्यांची भाषा अशी पुस्तकी आणि गावची एकत्र असायची. चिडल्या किंवा फार आनंदात आल्या, की पुस्तकी गळून पडायची.

त्या रिंगणात एका वर्षी प्रणाली नावाची मुलगी होती. उंच, सावळी, प्रश्न विचारताना भुवया आक्रसणारी. पुढे ती नर्सिंग शिकली आणि आमच्याच भागातल्या आरोग्य केंद्रात कामाला लागली. लाखांदूरच्या अमोलशी तिची सोयरीक ठरली. पसंती दोघांचीही होती, आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, जानेवारीत करायचं ठरलं होतं. करोनाच्या आधीचा तो हिवाळा.

त्याच हिवाळ्यात आर्द्रा उतरू लागली.

डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी बाई पाळीवर नेहमीपेक्षा फार वेळ थांबल्या. मी बरोबर होते. त्यांनी चष्मा पुसला, परत पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं. "रोहिणीच्या खाली गेला," त्या म्हणाल्या. "माझ्या अख्ख्या आयुष्यात एवढा उतरलेला मी पाहिला नाही." नंतर वर्तमानपत्रांतही त्याची बातमी आली, जगभरचे लोक त्या ताऱ्याकडे बघत होते. बाईंना त्याचा आनंद झाला, की आपली नजर अजून शाबूत आहे. आणि त्या आनंदात त्यांनी शाळेच्या परिपाठाला सगळ्या मुलांना सांगून टाकलं, की आर्द्रेचा तारा मंद होतो आहे, का ते अजून कुणालाच ठाऊक नाही, संध्याकाळी बाहेर येऊन पाहा.

मुलांनी घरी जाऊन सांगितलं, आदरा विझून राहिली.

धानाच्या मुलखात ही लहान गोष्ट नव्हे. मिरगात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायचे आणि आदरेचं पाणी आलं की रोवणीची, भाताच्या लावणीची, तयारी करायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. चार-पाच दिवसांत बाईंच्या अंगणात माणसं यायला लागली. एक म्हातारे शेतकरी खाटेच्या कडेला टेकून म्हणाले, "बाई, आदराच नाही राहिली तं पाणी कोण आणन जी?"

बाईंनी त्यांना समजावलं, की आर्द्रा नक्षत्रात पाऊस येतो तो त्या ताऱ्यामुळे नव्हे. सूर्य आकाशात त्या बाजूला येतो तेव्हा इकडे पावसाचे दिवस असतात, एवढंच. गावाच्या वेशीवरचा दगड कुणी उचलून नेला तरी गाव जागेवरच राहतं ना, तसं. म्हाताऱ्यांना ते पटलं. पण सगळेच विचारायला येत नाहीत. बाकीच्यांपर्यंत नुसती बातमी जाते.

प्रणालीचा जन्म आर्द्रा नक्षत्रावरचा होता. बातमी लाखांदूरला पोचली आणि अमोलच्या वडिलांनी निरोप धाडला, की साक्षगंध सध्या थांबवू.

प्रणालीची आई रडत आमच्याकडे आली. बाई तेव्हा भाजी निवडत होत्या. ऐकून त्यांनी भाजीचं ताट बाजूला सारलं आणि मला म्हणाल्या, "चाल. लाखांदूरले जाऊन येऊ."

"आपण जाऊन काय सांगणार?"

"ताऱ्याबद्दल. आणखी मला येते काय?"

आम्ही दुपारच्या एसटीने गेलो. अमोलच्या वडिलांची धान भरडण्याची छोटी गिरणी होती, मागे घर. मला वाटलं होतं, आडमुठा, तोऱ्यातला माणूस असेल. निघाले अगदी हळू बोलणारे, पांढऱ्या सदऱ्यावर कोंड्याची धूळ बसलेले गृहस्थ. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, चहा सांगितला आणि समोर बसले. अमोल दाराला टेकून उभा होता. तो पूर्ण वेळ तसाच उभा राहिला.

"बाई, मी अडाणी माणूस नाही," ते म्हणाले. "मलेही कळते, तारा तिथं अन् पोरगी इथं. पण माझी मोठी सून लग्नाच्या पहिल्याच वर्षी बाळंतपणात गेली. तिच्या वेळी सगळं जुळलं होतं. कोणतीच खूण नव्हती. तरी गेली. आता तं खूण समोर दिसून राहिली. अन् मी डोळे मिटून घेऊ?"

 बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी ताऱ्याबद्दल सांगायला सुरुवात केली. तो केवढा आहे, किती विरळ आहे. लाल आहे म्हणजे सूर्यापेक्षा थंड आहे. लोहाराकडे लोखंड आधी लाल होते आणि आणखी तापल्यावर पांढरं पडते ना, तसं. पण केवढा तरी मोठा असल्यामुळे त्याचा एकूण उजेड सूर्याच्या हजारो पट आहे. छाती वर-खाली व्हावी तसा तो फुगतो, आकसतो, साधारण वर्षा-सव्वा वर्षात एक फेरा. म्हणून त्याचा उजेड चढतो-उतरतो. या वेळी जरा जास्तच उतरला. कुणी म्हणतं पृष्ठभाग थंडावला, कुणी म्हणतं त्याने स्वतःच धूळ बाहेर टाकली आणि ती आड आली.

अमोलच्या वडिलांनी सगळं मन लावून ऐकलं. शेवटी म्हणाले, "बाई, मले एकच सांगा. तो विझन का नाही विझन?"

मला वाटलं, आता बाई म्हणतील, नाही विझणार. तेवढ्यासाठीच तर आलो होतो.

"विझेल," बाई म्हणाल्या. "एवढे मोठे तारे फार जगत नाहीत. मोठ्या ताऱ्याची भूक मोठी, जळण लवकर संपते. संपलं की तो फुटेल."

"कवा?"

"ते कोणी सांगू शकत नाही. आज बी फुटू शकते, लाख वर्षांनं बी. लाख वर्षांचं जास्त संभवते."

मी त्यांचा हात हळूच दाबला. त्यांनी माझ्याकडे वळून मोठ्याने विचारलं, "काय?" मी म्हटलं, काही नाही. त्या पुढे म्हणाल्या, "फुटला बी असेल कदाचित. तिथला उजेड इथं यायले शेकडो वर्षं लागतात. आपण पाहतो तो जुना उजेड आहे."

 बाहेर गिरणीचा पट्टा थांबल्याचा आवाज आला. मग अमोलचे वडील म्हणाले, "तुमी नाही विझत म्हणून देल्लं असतं, तं मी मानलं असतं."

"मले मालूम हाय," बाई म्हणाल्या. "म्हणूनच नाही म्हटलं."

दिवेलागण झाली होती. बाईंनी त्यांना विचारलं, "तुमी पाहिला का तो?" त्यांनी पाहिला नव्हता. ज्या ताऱ्यावरून सोयरीक थांबवली तो आकाशात कुठे असतो, हे त्यांना माहीत नव्हतं. सगळे अंगणात आलो. बाईंनी आधी तिफन दाखवली, ती त्यांना लहानपणापासून ओळखीची होती. मग तिच्यावरून बोट सरकवत आर्द्रा दाखवली. ते बघत राहिले.

"हा तं आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात नवल होतं. "मले वाटलं, काळंच पडलं असन तिथं."

"आहे ना. थोडा उतरला आहे."

ते आत आले, पाणी प्याले. थोडं सैल झाल्यासारखे दिसले. मग म्हणाले, "बाई, असं करू. तो पहिल्यासारखा चढू द्या. ज्या दिवशी चढन, त्या दिवशी मी स्वतः साक्षगंधाचा दिवस काढतो."

मला वाटलं, जिंकलो. फेरा फिरला की तारा उजळणार, असं बाईच सांगत होत्या. दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न. पण परतीच्या एसटीत बाई खिडकीशी गप्प बसून होत्या. लाखांदूर मागे पडल्यावर म्हणाल्या, "हे बरोबर नाही झालं. मी माणसाले तारा दाखवायले गेली होती. त्यानं तर पोरीले ताऱ्याले बांधून टाकलं."

"तिला हे असंच्या असं सांगू नका," मी म्हटलं. "नुसतं सांगू, थोडं थांबायचं आहे."

"लग्न तिचं. अन् तिलेच अर्धवट सांगू?"

त्यांनी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. प्रणाली ड्यूटीवरून थेट आमच्या घरी आली होती, आईही बरोबर होती, पांढरे बूटही काढले नव्हते. तिने ऐकून घेतलं, आमच्यासमोरच अमोलला फोन लावला आणि विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय?" तिकडून तो म्हणाला, "बाबा म्हणते तं थांबू ना थोडं." तिने बरं म्हणून फोन ठेवला. आईला म्हणाली, "मी नाही थांबत. मोडलं समज."

मग प्रणालीची आई बाईंवर उलटली. तिचा राग मला समजत होता. तारा मंद झाला हे गावाला सांगितलं बाईंनी, विझेल हे पाहुण्यांना सांगितलं बाईंनी, आणि अट मुलीला सांगितली तीही बाईंनीच. "तुमचं सोताचं लगन झालं असतं," ती म्हणाली, "तं कुठं चूप बसावं हे तुमाले समजलं असतं." बाई उभ्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या. ती गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "तिचं बरोबर असेल."

त्यानंतर बाईंनी एक चमत्कारिक गोष्ट सुरू केली. शाळेतून घरी येताना त्या छत्री उघडून चालायच्या. माघाचे दिवस, आभाळ कोरडं, सूर्य मावळलेला, आणि बाई बोडीच्या पाळीवरून डोक्यावर काळी छत्री धरून खाली बघत येताहेत. लोक हसले. मला कळायला दोन संध्याकाळी लागल्या, की त्यांना वरचं दिसायला नको आहे. परिपाठालाही त्या बोलेनाशा झाल्या. वर्गात पुस्तक वाचून दाखवायच्या आणि घंटा झाली की निघून यायच्या.

असे बरेच दिवस गेल्यावर एका संध्याकाळी चालता चालता त्यांनी छत्रीखालूनच विचारलं, "आज कसा आहे?"

मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "बहुतेक थोडा चढलाय."

बाई थांबल्या. छत्री मिटली. वर पाहिलं, मृगाच्या दुसऱ्या बाजूच्या ताऱ्याकडे पाहिलं, परत पाहिलं. "काही नाही चढला. उलट आणखी उतरला," त्या म्हणाल्या, आणि माझ्यावर खऱ्या रागावल्या. "न पाहता सांगत नको जाऊ." त्यानंतर त्यांनी छत्री धरली नाही.

मग मार्च आला, शाळा बंद झाल्या, सगळंच बंद झालं. प्रणालीला श्वास घ्यायला सवड नव्हती. बाहेरगावाहून पायी परतलेली माणसं गावाबाहेर शाळेतच ठेवली होती आणि ती त्यांना तपासायला रोज यायची. बाई आणि मी त्यांच्यासाठी स्वयंपाक करायचो. त्या दिवसांत आर्द्रा चढत गेली. चैत्रात ती पश्चिमेकडे कलली तेव्हा रोहिणीला मागे टाकून पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. बाईंनी ते कुणालाच सांगितलं नाही.

पण एका संध्याकाळी त्यांचा फोन वाजला. अमोलचे वडील होते. बाईंना कानाशी फोन धरायला आवडत नसे, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

"बाई, चढला ना तो?"

"चढला. तुमाले कसं समजलं?"

"मी रोज पाहतो," ते म्हणाले. "तुमी दाखवला त्या दिवसापासून. एक दिवस नाही सोडला." मग म्हणाले, "आता पोरीले विचारा जी. माझ्याकडून सगळं पक्कं."

प्रणाली दुसऱ्या दिवशी शाळेत आली तेव्हा बाईंनी तिला व्हरांड्यात बोलावलं आणि निरोप सांगितला. मास्कच्या वर तिचे डोळे थकलेले होते. तिच्या भुवया आक्रसल्या. वर्गात असायची तशीच ती मला दिसली.

"बाई, तो चढते-उतरते, असं तुमीच सांगतलं ना?"

"हो. त्याचा स्वभावच आहे."

"मंग पुन्हा उतरन?"

"उतरेल."

"तवा मी त्या घरात राहीन. तवा काय करतीन ते? मले माहेरी पाठवतीन? एवढं विचारा त्याईले."

बाईंनी त्याच संध्याकाळी फोन लावला आणि प्रणालीचे शब्द जसेच्या तसे सांगितले.  मग अमोलचे वडील म्हणाले, "पोरगी बरोबर बोलली. मले याचं उत्तर देता नाही येत. पोराले सांगतो. द्यायचं असन तं त्यानं द्यावं."

अमोलने उत्तर द्यायला रोवणीपर्यंत वेळ घेतला. रस्ते मोकळे झाल्यावर तो मोटारसायकलवर एकटाच आला, घरी न जाता थेट शेतावर. प्रणालीची त्या दिवशी सुट्टी होती आणि ती आईबरोबर बांधीत चिखलात उभी राहून रोवणी करत होती. पुढचं तिनेच मला सांगितलं. तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहिला आणि म्हणाला, "तो तारा कोणता, हे मले आजही ओळखू येत नाही. बाबा रोज दाखवत होते, मी पाहिला नाही. मले ओळखाचाही नाही. मी 'थांबू' म्हटलं, ते चुकलं." प्रणालीने हातातली पेंढी दाखवली आणि म्हणाली, "ही बांधी होऊ दे, मंग बोलू." तो चपला धुऱ्यावर काढून चिखलात उतरला. त्याला रोवणी बऱ्यापैकी यायची, असंही ती म्हणाली.

लग्न पुढच्या हिवाळ्यात झालं, मोजक्या माणसांत, प्रणालीच्या दारात. प्रणालीची आई बाईंना घ्यायला स्वतः आली होती. तिने बाईंच्या हातातलं भेटीचं पातळ आपल्या हातात घेतलं आणि बरोबरीने चालत राहिली.

संध्याकाळी पंगती सुरू झाल्या तेव्हा अमोलचे वडील मांडवाबाहेर एकटे उभे दिसले. बाई त्यांच्याजवळ गेल्या, मीही गेले. पूर्वेला घरांच्या छपरांवरच्या कवेलूंच्या वर आर्द्रा नुकती आली होती, चांगली तांबूस.

"त्या दिवशी तुमी म्हणल्या, हा फुटन," ते म्हणाले. "पुढचं मी विचारलंच नाही. माझी हिंमत नाही झाली. फुटन तवा काय होईन जी?"

"उजेड होईल," बाई म्हणाल्या. "खूप मोठा. अर्ध्या चंद्राएवढा, पण एकाच टिंबात. दिवसाढवळ्या दिसेल. रात्री आपली सावली पडेल त्याच्यानं. काही महिने राहील, मग हळूहळू मावळेल."

"अन् इथं? घरादाराले, लेकराबाळाले?"

"काही नाही. तो फार दूर आहे. इथपर्यंत त्याचा ताप पोचत नाही, धक्का पोचत नाही. उजेड तेवढा येतो."

मांडवातून कुणीतरी त्यांना हाक मारली. ते हलले नाहीत. मान वर करून पाहत राहिले. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"फक्त उजेडच ना?"

"उजेडच."

"मंग येऊ द्या," ते म्हणाले, आणि पंगतीत वाढायला आत गेले.